बंदुकीची कवळी

अण्णांना कपाटाच्या दारानं मारलं. म्हणजे अण्णांचंच तसं म्हणणं होतं. मागच्या सोमवारीही त्याच दारानं मारलं होतं, त्याच्या आधल्या सोमवारीही, आणि दर वेळी नेमकं उजव्या गालाच्या हाडावर. सूनबाईनं चहाचा कप सासऱ्यांपुढे ठेवला आणि त्या निळसर डागाकडे नीट पाहून घेतलं. कपाटाचं दार इतकं डूख धरून बसल्याचं तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

"काढून टाकूया का ते कपाट घरातून?" तिनं विचारलं.

"नको गं. जुनं आहे बिचारं," अण्णा म्हणाले आणि पावाचा तुकडा चहात बुडवला.

हे अण्णांचं नेहमीचंच. त्यांना काही लागलं, बोचलं, भाजलं तरी तोंडातून ब्र निघायचा नाही. आणि ती वस्तू कुणी प्रेमानं दिलेली असली, तर मग विचारूच नका. सासूबाईंनी एकदा विणलेला स्वेटर मानेला असा काचायचा की अण्णांची मान लाल व्हायची. तो त्यांनी विरेपर्यंत घातला आणि वर विचारलं, "असाच दुसरा करशील का?" सासूबाईंनी केला. त्या जाईपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही.

चहा संपवून अण्णांनी कप बाजूला सारला आणि उद्या दूध जास्त घे असं सांगावं, तितक्या सहज सांगितलं, "येत्या रविवारी शेवटचं जातो मैदानावर. बंदूक देऊन टाकतोय. तिथल्या मास्तरांनी घेणारा बघून ठेवलाय."

सूनबाईच्या हातातली किटली तशीच राहिली.

अण्णांनी आयुष्यात कधी चिमणीही मारली नव्हती. त्यांची बंदूक होती ती हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडायची. नोकरी त्यांची लिफ्ट दुरुस्तीची. सगळी हयात उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत, दोरांना लोंबकळत, मान वर करून काळोखात बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर एका मित्रानं त्यांना नेमबाजीच्या मैदानावर नेलं. तिथं मोकळ्या आभाळात सूं करत गेलेली तबकडी आणि तिचा उडालेला भुगा बघून हा शांत माणूस जो खुळावला तो खुळावलाच. रीतसर शिकले, रीतसर परवाना काढला, दोन नळ्यांची एक जुनी पण देखणी बंदूक घेतली. सासूबाई गेल्या त्या वर्षी अण्णा आठवडाभर घरात नुसते असायचे आणि रविवारी जिवंत व्हायचे. हे सूनबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच तिनं किटली खाली ठेवली.

"का पण?" तिनं विचारलं.

"वय झालं. नेम लागत नाही. पोरंसोरं फोडतात आणि मी आभाळाला छर्रे चारतो. शोभत नाही."

"वयानं गालावर डाग पडतात का हो, अण्णा?"

"कपाटानं पडतात," अण्णा म्हणाले आणि उठलेच.

सूनबाई तिच्या खोलीत कामाला बसली, पण हात चालेना. ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरबाई माप घेऊन पाठवायच्या आणि पुढचं सगळं हिच्या हातचं: प्लास्टरचा साचा, मेणाची हिरडी, तिच्यात एकेक करून लावलेले दात, मग पक्कं काम, घासणं, चकाकी. मागच्या बाजूची ही खोली, उत्तरेला मोठी खिडकी, दिवसभर मऊ, सारखा उजेड. दाताचा रंग दिव्याखाली कळत नाही, त्याला दिवसाचा उजेड लागतो. आणि हा उजेड तिला कुणी दिला होता? अण्णांनी. ही खोली त्यांची होती. लग्नानंतर तिनं घरातच काम सुरू करायचा विषय काढला, तेव्हा जागेवरून चार दिवस नुसतीच डोकेफोड झाली. पाचव्या दिवशी सकाळी ती उठून बघते तर अण्णांचा पलंग बैठकीत, रस्त्याकडच्या भिंतीला लागलेला. "मला रहदारीचा आवाज आल्याशिवाय झोपच लागत नाही," अण्णा म्हणाले. सपशेल थाप. पहिला महिनाभर माणूस कानात कापूस घालून झोपत होता.

एवढंच नाही. तिला सरावासाठी माप घ्यायचं असायचं आणि कुणी तोंड पुढे करत नसे, कारण तो गुलाबी लगदा घशाशी गेला की उमासे येतात. अण्णा खुर्चीत बसायचे, डोळ्यांतून पाणी वाहत असायचं आणि बोटानं खूण करायचे, चालू दे, चालू दे. आज शहरभरातली माणसं तिनं केलेल्या दातांनी भाजलेले दाणे खात होती. त्यातला प्रत्येक दाणा कुठेतरी अण्णांच्या नावावर जमा होता, असं तिला मनापासून वाटे. ते त्यांना एकदा सांगायचंही होतं. पण अशा गोष्टी सांगायला बसलं की अण्णांना नेमकं पेपरात काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

गेल्या वर्षी अण्णा आजारी पडले. आजार गेला, पण अंगावरचं मांस घेऊन गेला, आणि मुळात हलणारे दातही काढावे लागले. वरची आणि खालची अशी पुरी कवळी सूनबाईनं केली. इतक्या वर्षांत तिनं एवढ्या जिवापाड दुसरं काम केलं नव्हतं. समोरचा एक दात तिनं मुद्दाम किंचित वाकडा लावला, कारण अण्णांचा मूळचा तसा होता. कवळी तोंडात बसवून तिनं विचारलं होतं, "कुठे टोचतंय का?"

"छे! लोणी!" अण्णा म्हणाले होते. त्यानंतर दर आठवड्याला ती विचारायची आणि दर आठवड्याला लोणी.

त्या रविवारी ती अण्णांबरोबर मैदानावर गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. रविवार हा तिचा कवळ्या घासण्याचा वार, पण शेवटचं आहे म्हटल्यावर तिनं चाकाला सुट्टी दिली. अण्णा जरा कचरलेच. "उन्हात काय बसतेस," म्हणाले. पण ती त्यांच्या आधी पायात चपला घालून दारात उभी होती.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं मोठं माळरान. एका बाजूला पत्र्याची शेड, बाकं, पुढे उभं राहायच्या फरशा आणि जमिनीच्या खळग्यात तबकड्या फेकणारं यंत्र. इथले शिकवणारे मास्तर आवाजानं खणखणीत आणि शिस्तीचे कडक. बंदूक उघडी, रिकामी आणि जमिनीकडे तोंड केलेली नसली, तर ते पाहुण्यालाही झापायचे. त्यांनी सूनबाईला कानावर लावायची जाड झाकणं आणि चष्मा दिला आणि मागच्या बाकावर बसवलं.

"तुमच्या सासऱ्यांना सांगा जरा," ते हळूच म्हणाले. "मागून लावलीय ना ती रबराची गादी, ती काढा म्हणून मी घसा कोरडा केला. खांद्याला लावायचा दस्ता लांब झालाय त्यानं. पण ते म्हणतात, मुलानं आणून दिलीय."

ती गादी सूनबाईला ठाऊक होती. अण्णांच्या खांद्याला धक्का बसतो हे कळल्यावर नवऱ्यानंच हौसेनं आणली होती. चांगली बोटभर जाड, बाजारातली सगळ्यात मऊ.

अण्णांची पाळी आली. त्याआधी ते शेडच्या मागे जाऊन आले. खिशात रुमाल कोंबत आले. फरशीवर उभे राहिले, काडतुसं भरली, बंदूक खांद्याला लावली.

नेम धरणारा तयार झाला की हाक देतो आणि मग तबकडी सुटते. इथं सगळे "सोड!" म्हणायचे. अण्णा घरी कधी रंगात आले की ती हाक करून दाखवायचे, अशी धारदार की मांजर टेबलाखाली जायचं. सूनबाई त्या हाकेची वाट बघत होती.

"हूं!" अण्णा म्हणाले.

तबकडी सुटली. बार उडाला. अण्णांचं डोकं मागे झटकलं गेलं आणि तबकडी अख्खीच्या अख्खी लांब गवतात जाऊन पडली.

"हूं!" पुन्हा तेच. पुन्हा बार, पुन्हा मान मागे. या वेळी बार उडायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतलेले तिला बाजूनं दिसले.

पण सूनबाईचं लक्ष त्या हाकेवर खिळलं होतं. कवळी नीट बसली की नाही हे बघायला डॉक्टरबाई माणसाला काय म्हणायला लावतात? सहासष्ट, सदुसष्ट. दात असल्याशिवाय स उमटत नाही. आणि अण्णांचे दोन्ही ओठ आत ओढलेले होते, गाल बसलेले होते, आणि खिशातला तो रुमाल चांगला फुगलेला होता.

तिच्या मनाला ते लागलं. खोटं कशाला बोला, आधी अण्णांची काळजी वाटलीच नाही, आधी स्वतःचंच वाईट वाटलं. म्हणजे आपली कवळी त्यांना टोचते. घरात आपल्यासमोर घालतात आणि बाहेर पडले की काढून खिशात टाकतात. त्या काचणाऱ्या स्वेटरचाच हा पुढचा भाग. लोणी म्हणे!

पाळी संपवून अण्णा शेडमागे गेले, तशी ती मागोमाग गेली. अण्णा पाठमोरे होते. तिनं कानावरची झाकणं काढली.

"अण्णा, दात कुठे आहेत?"

अण्णा एवढे दचकले की रुमालच हातातून निसटायला लागला. तो त्यांनी दोन्ही हातांनी झेलला, एखादं अंडं झेलावं तसा. मग घाईघाईनं पाठ फिरवून कवळी तोंडात घातली आणि वळले.

"आहेत की."

"टोचतात म्हणून काढता ना? मला सांगायचंत तरी. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"अगं, नाही!" अण्णा कळवळून म्हणाले. "टोचतात म्हणून नाही. बंदुकीचा धक्का असतो. तोंडातून उडाली, फरशीवर पडली, फुटली म्हणजे? तू रात्रंदिवस खपून केलीस. तो पुढचा वाकडा दात लावलास. आरशात बघतो तेव्हा मला मी दिसतो. असली वस्तू काय बंदुकीच्या धक्क्यापुढे धरायची असते? गालाला काय, गाल भरून येतो."

सूनबाईचा मघाशी आलेला राग कुठच्या कुठे गेला आणि त्या जागी असं काही भरून आलं की तिनं आपली नजर शेडच्या पत्र्यावर लावली.

"बाही वर करा," ती शेवटी म्हणाली.

"कशाला?"

"करा म्हणते ना."

अण्णांनी बाही वर केली. खांद्याच्या खाली, दंडावर, पिकल्या जांभळासारखा डाग होता. खांद्यावर नाही, दंडावर. कपाटाचं दार तिथपर्यंत पोचणं अवघड होतं.

मास्तर मागून आलेच होते. त्यांनी डाग बघितला, कवळीची गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, दात काढल्यावर गाल आत जातो!" ते म्हणाले. "ही बंदूक घेतली तेव्हा तुमच्या भरल्या गालाला मापून घेतलेली. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत यायला हवा. आता गालच राहिला नाही तर डोळा बुडतो खाली. मग पुढचं दिसायला तुम्ही तोंड वर उचलता. लाकडात आणि गालात फट पडते. बार उडाला की दस्ता उसळतो आणि ठोसा मारतो. वर ती गादी! दस्ता लांब झाला की तो खांद्याच्या खळग्यात बसत नाही, दंडाकडे सरकतो. मार खाणार नाही तर काय होणार? आणि मार खाल्लेला माणूस पुढच्या वेळी डोळे मिटतो. तुमचं वय बिय काही झालेलं नाही."

"घट्ट बसली तर लागत नाही का?" सूनबाईनं विचारलं.

"बंदूक गालाशी आणि खांद्याशी नीट भिडली की ढकलते. सैल राहिली की मारते."

हे ऐकलं आणि सूनबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण ही भाषा तिची होती. नीट बसलेली कवळी कधी जखम करत नाही. हलणारी करते. हिरडी झिजली, तोंड बदललं की चांगली कवळीसुद्धा सैल होते आणि मग भर घालावी लागते. इथे कवळी जागच्या जागी होती. सैल झाली होती ती बंदूक.

"मास्तर, घेणाऱ्याला एक आठवडा थांबवाल का?" ती म्हणाली.

"दोन थांबवतो," मास्तर म्हणाले.

अण्णा काहीतरी बोलणार होते, पण दोघांचे चेहरे बघून त्यांनी बाही खाली केली.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं आपल्या खोलीत अण्णांना त्यांच्या जुन्या जागी, खिडकीपाशी उभं केलं. अण्णांनी पेटीतून बंदूक काढली, उघडली, दोन्ही नळ्यांतून खिडकीचा उजेड बघितला आणि तिलाही बघायला लावला. काडतुसं तर घरात नव्हतीच, ती मैदानावरच मिळायची. समोर तिनं मोठा आरसा उभा केला.

पहिलं काम तिनं ती रबरी गादी उतरवण्याचं केलं. ती टेबलावर ठेवतेय तोच नवरा दारात आला.

"अरे, ती का काढली? चांगली महागातली आहे," तो म्हणाला.

अण्णा लगेच म्हणाले, "छान आहे रे, मऊ आहे, हिला उगाच..."

"अण्णा!" सूनबाई म्हणाली.

अण्णा खाली बघत, चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "जाड होते रे जरा. दंडावर लागतं."

नवऱ्याचा चेहरा पडला, पण घटकाभरच. मग तो बापाच्या दंडाकडे, गालाकडे बघत राहिला. "म्हणजे एवढे दिवस मी तुम्हाला मार खायला घालत होतो?" तो म्हणाला आणि हसायला लागला, पण त्या हसण्यात पाणी होतं. त्यानं गादी उचलली. "मी खुर्चीवर घेऊन बसीन. तिचा तरी उपयोग होईल." आणि तो तिथंच स्टूल ओढून बसला.

"डोळे मिटा," सूनबाई अण्णांना म्हणाली. "बंदूक लावा. आधी गालाशी आणा, मग खांद्याशी. मास्तरांनी सांगितलंय तसं. आता डोळे उघडा. आरशात काय दिसतं?"

"कपाळ."

"डोळा?"

"दिसत नाही. पोलादाच्या मागे गेलाय."

"दात काढा."

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. मुलगा, सून. इतक्या दिवसांत या दोघांसमोर त्यांनी दात काढले नव्हते. रात्रीसुद्धा न्हाणीघराचं दार लावून काढायचे. सूनबाईनं पाण्याचा स्वच्छ वाडगा त्यांच्यापुढे धरला. रोज दुसऱ्यांच्या कवळ्यांपुढे धरायची तसाच. अण्णांनी मान वळवली, कवळी काढली आणि वाडग्यात सोडली. कुणीही हसलं नाही. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

दात काढल्यावर तर आरशात कपाळसुद्धा अर्धंच उरलं.

मग तिनं काम सुरू केलं. दस्त्याच्या वरच्या काठावर, जिथे गाल टेकतो तिथे, कातड्याचा पातळ पट्टा गुंडाळला, म्हणजे लाकडाला काही इजा नको. त्यावर मेणाची गुलाबी चकती कोमट करून चिकटवली. अण्णांनी डोळे मिटले, बंदूक लावली, उघडले. डोळ्याची भुवई वर आली. आणखी एक चकती. पापणी आली. आणखी एक. प्रत्येक वेळी ती मेणावर रंग सोडणारा निळा कागद ठेवायची, गाल टेकला की तो कुठे दाबला गेला ते निळ्या खुणेत दिसायचं, आणि तिथलं मेण ती गरम सुरीनं खरवडायची. कवळीचा उंच लागणारा दात ती असाच शोधायची. अण्णांच्या गालावर निळी पट्टी उमटली. पण ती कागदाची होती, पुसली की जाणारी.

तिसऱ्या-चौथ्या चकतीनंतर अण्णांनी डोळे उघडले आणि ते आरशाकडे बघतच राहिले.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"मी दिसतोय," अण्णा बोळक्या तोंडानं म्हणाले. "डोळा बरोब्बर नळीच्या टोकाच्या माशीवर बसलाय. मान कुठे वाकवावीच लागली नाही."

मेणाचा साचा झाला, साच्यातून पक्कं काम झालं. त्यासाठी तिच्याकडे एकच माल होता, कवळीच्या हिरडीचा. त्यामुळे दोन दिवसांनी चाकावर घासून, चकाकी देऊन जो तुकडा तयार झाला, तो बघून नवरा पोट धरून हसला. अण्णांच्या रुबाबदार, गडद लाकडाच्या बंदुकीवर लखलखीत गुलाबी हिरडी बसली होती.

"बंदुकीची कवळी!" तो म्हणाला.

"रंगवून देऊ का तपकिरी?" सूनबाईनं विचारलं.

अण्णांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "हात लावायचा नाही कुणी," ते म्हणाले.

रविवारी घरातले तिघंही मैदानावर गेले. मास्तरांनी हलकी काडतुसं काढून ठेवली होती. गुलाबी दस्ता बघून बाकांवर खसखस पिकली. कुणी म्हणालं, बंदुकीला दात कधी येणार? अण्णा गालातल्या गालात हसले. मग शेडच्या मागे न जाता, सगळ्यांसमोर, त्यांनी खिशातून रुमाल काढला, कवळी काढून त्यात ठेवली आणि गाठ मारून रुमाल सूनबाईच्या हातात दिला. "सांभाळ गं," म्हणाले. बाकांवरचं हसू आपोआप थांबलं.

अण्णा फरशीवर उभे राहिले. जरा पुढे झुकून, बंदूक आधी गालाशी, मग खांद्याशी. सूनबाईनं रुमाल दोन्ही हातांत घट्ट धरला. एवढा तुकडा तिनं केला होता, पण त्याच्यावर आदळणारा गाल तिच्या घरातला होता. आता पुन्हा डाग उठला तर अण्णा परत कपाटाचं नाव घेणार आणि बंदूक जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"हूं!"

बार उडाला. अण्णांचा खांदा जरासा मागे गेला आणि पुढे आला. डोकं जागचं हललं नाही. तबकडी मात्र निसटली.

अण्णा वळले नाहीत. त्यांनी बंदूक थोडी खाली घेतली आणि आपल्या गालाला हात लावून बघितला. मग दुसरी हाक दिली. आभाळात काळा भुगा उडाला. नवरा उठूनच उभा राहिला. तिसरी गेली, चौथी फुटली, त्यापुढच्या लागोपाठ फुटल्या. सगळ्या नाही. पण अण्णांचे डोळे उघडे होते, हे मास्तरांनी मागे येऊन सूनबाईला सांगितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पाळी संपल्यावर बंदूक उघडून, हातावर आडवी धरून अण्णा आले. गालावर काही नव्हतं, नुसता घाम.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या घेणाऱ्याला माझ्याकडून माफी सांगा. बंदुकीला आता घरची कवळी बसलीय, देता येणार नाही."

मास्तरांनी हसत मान हलवली आणि ते पुढच्या माणसाला झापायला गेले.

अण्णा बाकावर सूनबाईच्या शेजारी बसले. समोर दुसऱ्या कुणाच्या तबकड्या उडत होत्या. मग अण्णा समोर बघतच म्हणाले, "तू होतीस म्हणून, बरं का." इतकंच. पण अण्णांच्या तोंडून इतकं म्हणजे भाषणच होतं, आणि जवळपास लपायला पेपरही नव्हता.

"तुम्ही खोली दिलीत म्हणून," सूनबाई म्हणाली. इतकी वर्षं सांगायचं राहिलेलं तेवढ्यातच सांगून झालं. अण्णांनी नुसती मान डोलावली. मग सवयीनं, दर आठवड्यासारखंच, तिनं दस्त्यावरच्या गुलाबी तुकड्याकडे बोट करून विचारलं, "कुठे टोचतंय का?"

"छे, लो..." अण्णांनी सुरुवात केली आणि ते अडले. त्यांनी मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मोठा श्वास घेतला. मग बोट त्या तुकड्याच्या पुढच्या टोकावर ठेवलं.

"इथं," ते म्हणाले. "जरासं. कड लागते."

सूनबाईनं पर्समधून कानस काढली. ती तिनं बरोबरच आणली होती. कड गोल करता करता तिला जाणवलं, लग्न होऊन या घरात आल्यापासून अण्णांनी केलेली ही पहिली तक्रार. तिला इतका आनंद झाला की कानस दोनदा जास्तच फिरली.

"आता बघा."

अण्णांनी गाल टेकवून बघितला. "आता लोणी. खरोखरीचं." मग ते जरा घुटमळले. तिच्या मांडीवरच्या रुमालाकडे बघत, आवाज उतरवून म्हणाले, "आणि तुला वाईट वाटणार नसेल तर सांगतो. ती खालची. डावीकडे, अगदी मागे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

सूनबाईनं रुमालाची गाठ सोडली. हसू आणि रडू एकदमच आल्यामुळे तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. पण खालच्या कवळीची डावी, अगदी मागची कड तिला डोळे मिटूनही सापडली असती.

"दाखवा," ती म्हणाली. "नेमकं कुठे ते बोट लावून दाखवा."

आणि अण्णांनी दाखवलं.